निळ्या काठाचं वाडगं

बसा. कॉफी मिळेल, पण गोष्ट संपल्यावर. आधी दिली तर पिऊन पळता, मला ठाऊक आहे.

आणि अगं ए दिव्यश्री, समोर अंबाबाईच्या दारच्या ओट्यावर, तिण्णैवर, तो स्टीलचा एवर्सिल्वर डबा ठेवलाय ना, त्याकडे असं मांजरीसारखं बघू नको. आत उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल आहे. गरम आहे. वर खोबरंही आहे. पण तुझ्यासाठी नाही, आणि त्या श्रीवत्सासाठी तर नाहीच. आज तै महिन्याची अवस, पितरांची अमावस्या, म्हणून तिने ठेवलाय. कुणासाठी, तेच सांगायला बसलोय.

काय म्हणालीस? मागच्या खेपेला साप म्हणून पडवळ फडक्यात गुंडाळून तुझ्या आत्याच्या मांडीवर कुणी टाकलं? मी टाकलं. ती अशी ओरडली की तिकडे पापनाशम स्टेशनात गाडी थांबली असेल. ते वेगळं. हे वेगळं. हे अंबाबाईच्या पोराचं, सूर्याचं आहे, आणि अर्धं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मोतीबिंदू काढल्यानंतरच्या डोळ्यांनी.

तर ऐका. सूर्या शिकायला जर्मनीला निघाला, तेव्हा अंबाबाईने त्याला माझ्याकडे एका कामासाठी पाठवलं. काम एवढंच: डब्यावर नाव घालून आण. मी चाळीस वर्षं कुंभकोणमच्या मोठ्या बाजारात भांड्यांवर नावं कोरली. पाचवीत शाळेने मला सोडलं, पण या गावच्या निम्म्या स्वयंपाकघरांत माझं अक्षर आहे. मी विचारलं, "काय रे, तुझं नाव घालू?" म्हणाला, "नको मामा, अम्माचंच घाला. माझं घातलं तर ती म्हणेल डबा हरवशील." मी तमिळ अक्षरांत ‘अंबाबाई’ कोरलं. आणि त्याचं लक्ष नाही असं बघून बुडाला एक मांजर काढलं. एवढंसं. शेपटी वर. उगीच, गंमत! कुणाला सांगितलं नाही. ते मांजर ध्यानात ठेवा.

मागचा उन्हाळा आला. त्याच्या कॉलेजला सुट्टी पडली. जूनभर पोरगं हिंडलं. रोज अंबाबाईच्या फोनवर फोटो. एकात वाकडा बुरूज, आणि हा त्याला हात लावून उभा. मी म्हटलं, "अंबाबाई, आपल्याकडे भिंत एवढी वाकली तर नगरपालिका नोटीस लावते, तिकडे तिकीट लावतात." पॅरिस झालं, रोम झालं. जुलैत पुढच्या प्रवासाची सोय करायला तो डोंगरातल्या एका गावी चेरीच्या बागेत कामाला लागला. गावाचं नाव मला विचारू नका, म्हणायला गेलो तर दातांची कवळी खाली पडते.

बागेच्या टोकाला एक लाकडी माडी. खाली शिड्या-टोपल्या, वर याची खोली. पलीकडे कमरेएवढी दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडे एक लहानसं घर. पहिल्या संध्याकाळी याने आईने दिलेल्या चिंचेच्या गोळ्याचा भात कालवला. खिडकी उघडी. समोरच्या घराच्या खिडकीत एक म्हातारी उभी. काळा झगा, डोक्याला रुमाल. याच्याकडे बघतेय.

आता सांगा, आपल्यात काय म्हणतात? ज्याच्या नाकाला वास गेला, त्याला वाटा गेला पाहिजे. दारचा भिकारी असो की कलेक्टर. पोरगं अंबाबाईचं. त्याने डबा भरला, भिंतीवर नेऊन ठेवला, हात जोडले, वर आला.

सकाळी डबा नव्हता. त्याच्या जागी एक वाडगं होतं. पांढरं, एनॅमलचं, निळ्या काठाचं. काठाला एके ठिकाणी टवका उडालेला. आणि भरून चेरी. पिवळ्या अंगावर लाल गाल असल्या.

याने आईला फोन केला. अंबाबाई खूश. "बघ, त्यांच्यातही रिकामं भांडं परत करत नाहीत! डबा ठेवून घेतला तर घेऊ दे, आवडला असेल. पण तिचं वाडगं तू रिकामं पाठवू नको हं, कण्णा."

नाही पाठवलं. दही-भात गेला, चेरी आल्या. उपमा गेला, चेरी आल्या. मला फोन दाखवून अंबाबाई म्हणायची, "मामा, परदेशात पोराला शेजार मिळाला." मी म्हणायचो, "म्हातारीला नात आहे का विचार." दारात काठी होती, तीच घेऊन धावली माझ्यामागे.

आठव्या दिवशी वाडगं भिंतीवर नव्हतं. माडीच्या पायरीवर होतं.

याला वाटलं, म्हातारी चालून आली बिचारी. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या मध्यावर. मग दारात. दार आतून लावलेलं होतं, वाडगं बाहेर होतं, तोवर ठीक.

मग ते खिडकीत आलं. आतल्या बाजूला.

मग उशाशी.

पोरगं तोवर दुसरं काही खाईना. पाव तोंडात घेतला तर माती लागते म्हणे. भात उलटून पडे. फक्त त्या चेरी. फोनवर गालांची हाडं दिसायला लागली, आणि ओठ… ओठ लालकाळे. अंबाबाईने विचारलं, "आजारी आहेस का रे?" म्हणाला, "नाही अम्मा. भूकच नाही. इथून जावंसंही वाटत नाही."

तिचा नवरा नरसिंहराव जाऊन सहा वर्षं झाली. अंबाबाईला त्या पोराशिवाय दुसरं कोण आहे? ती रात्रभर देवासमोर बसली.

मग एक दिवस बागेची मालकीण काही सांगायला वर गेली. तिने उशाजवळ वाडगं पाहिलं आणि दारातच थांबली. "हे कुठून आणलंस?"

याने खिडकीतून बोट दाखवलं.

ती म्हणाली, "त्या घरात बावीस वर्षं कुणी राहत नाही."

याने नीट पाहिलं. त्या खिडकीला फळ्या ठोकलेल्या होत्या. फळ्यांवर शेवाळ.

मालकिणीने सांगितलं: तिथल्या बाईचा एकुलता मुलगा एका उन्हाळ्यात परदेशी कामाला गेला, तो आलाच नाही. पत्रही नाही. बाई रोज संध्याकाळी वाडगं भरून भिंतीवर ठेवायची, तो आला तर उपाशी नको म्हणून. मेली त्या दिवशीसुद्धा ठेवलं होतं. आणि ही पिवळी चेरी… तिचं झाड एकच होतं. बाईमागून ते तोडून टाकलं.

सूर्याने पिशवी भरली. तडक निघाला. चालत बसथांब्यावर गेला. भर दुपार, ऊन.

बाकावर वाडगं होतं. भरलेलं.

तो परत आला. करणार काय?

अंबाबाई माझ्याकडे आली. मी त्या दिवशी थट्टा केली नाही, हे तुम्हाला खोटं वाटेल. मी म्हटलं, "देणं-घेणं तुम्हीच चालू ठेवलंय. तोडायचं असेल तर एकच. वाडगं रिकामं परत कर."

"रिकामं? मामा, एका आईला?"

"रिकामं. घासून, पुसून. मिठाचा खडासुद्धा नको."

गुरुवार होता. चोवीस जुलै. आडी महिन्याची अवस. आपल्याकडे मध्यरात्र उलटून साडेबारा, तिकडे नऊ, सूर्य नुकता बुडालेला. मी आणि अंबाबाई तिच्या स्वयंपाकघरात. फोन पाण्याच्या घड्याला टेकवून ठेवलेला. पोरगं हातात फोन धरून जिना उतरलं. आम्हाला दिसत होतं ते सगळं हलत होतं. गवत. त्याचे बूट. भिंत.

त्याने वाडगं ठेवलं. रिकामं.

आणि मागे फिरला.



मग त्याचा श्वास ऐकू आला. "अम्मा… खिडकीत दिवा लागलाय."

मी म्हटलं, "बघू नको. चाल."

"फळ्या नाहीत, मामा."

"चाल!"

"ती बाहेर आलीये. भिंतीशी आहे. वाडग्यात बघतेय…"

…

"ती रडतेय, मामा."

फोन त्याने भिंतीकडे वळवला. काळं काहीतरी दिसलं. मला एवढंच दिसलं. मी खोटं सांगणार नाही. काळं. मग जवळ. मग आणखी जवळ. पोरगं हलेना. मी ओरडतोय, ते हलेना. "अम्मा," म्हणाला, "मी थांबतो इथेच. हिला कुणी नाही."

तेव्हा अंबाबाईने फोन उचलला. तोंडाशी धरला. आणि आपल्या मराठीत, शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"बाई, वाडगं रिकामं पाठवलं, चुकलं. पोराला ते कळत नाही, त्याला सोडा. डबा तुमच्याकडे आहे ना? त्यावर नाव माझं आहे. यापुढे द्यायचं-घ्यायचं ते तुमचं आणि माझं."

…

फोन बंद पडला.

ती सकाळपर्यंत तशीच उभी होती. फोन कानाला. पहाटे साडेपाचला घंटी वाजली. सूर्या. बाहेर गवतात पडलेला सापडला होता मालकिणीला, पण धड होता. तिसऱ्या दिवशी पावाचे पाच तुकडे खाल्ले. पंधरा दिवसांनी व्हेनिसहून फोटो, होडीत बसून दात काढतोय. वाडगं भिंतीवर नव्हतं. डबाही मिळाला नाही. विषय संपला, असं मी म्हटलं.



आता गेला डिसेंबर. मार्गळी महिना. एकोणीस तारीख, शुक्रवार, अवस. पहाटे पाचला ती रांगोळीचा कोलम काढायला दार उघडते. आदल्या रात्री सारवलेला उंबरठा, अजून ओला. त्यावर पाऊल नाही, काही नाही.

डबा होता.

मला हाक मारली. मी बंडीवरच गेलो धावत. नाव पाहिलं. माझंच अक्षर. म्हटलं, कुणी थट्टेखोराने दुसऱ्या डब्यावर तसंच नाव घातलं असेल, मीच एकटा थोडाच आहे गावात! डबा उलटा केला.

मांजर. शेपटी वर.

झाकण मी उघडलं नाही. तिने उघडलं. पिवळ्या चेरी, लाल गाल. देठ हिरवे, पानावर दव. डिसेंबरात. कुंभकोणमात.

सूर्या तिकडेच होता, परीक्षा देत. त्याला आम्ही अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगायचं नाही. त्या चेरी तिने एकेक करून खाल्ल्या. मी म्हटलं, "अगं, काय करतेस!" म्हणाली, "मी शब्द दिलाय. आता माझ्याकडे येतंय तोवर सूर्याकडे जात नाही." डबा घासून महिनाभर फळीवर पालथा होता. आज अवस आली, आणि तिने सुंडल केलं. मघाशी दिवेलागणीला, तुमच्यासमोरच, आणून ठेवलं. बारीक झालीये ती, पाहिलंत ना? म्हणते, जेवण जात नाही.

म्हणून म्हटलं, त्या डब्याकडे बघू नको, दिव्य…

काय?

काय म्हणालीस?

डबा नाही कसा? तिथेच आहे. खांबाच्या बाजूला.

श्रीवत्सा, मोबाइलचा दिवा मार तिकडे. मार रे.

…

मी संध्याकाळपासून उठलो का? गुडघ्याला पट्टी बांधून बसलोय, तुम्ही साक्षीला आहात. गल्लीतून कुणी गेलं? कुत्रं तरी?

नाही ना.

मग ते… पांढरं काय आहे?

या वेळी मी नाही, दिव्यश्री. नरसिंह देवाची शपथ, मी नाही.

दिवा नीट धर. काठावर धर.

…

निळा आहे.