टाकीकडची वाट

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी माझी कायसा मावशी वाफाळती किटली घेऊन अंगणात गेली आणि तिथंच सगळं सुरू झालं.

अंगणाच्या टोकाला आमची प्रोपेनची टाकी आहे. पांढरी, लांबट, बर्फात लोळत पडलेल्या डुकरिणीसारखी. तिच्या पोटातल्या गॅसवर आमचं घर तापवणारी भट्टी चालते, आणि भट्टी चालते म्हणून मिशिगनच्या या उत्तर टोकाला आम्ही एप्रिलपर्यंत टिकतो. टाकीशेजारी उंच काठीला लाल फडकं बांधलेलं असतं. बर्फाखाली टाकी गडप झाली तरी गॅसच्या ट्रकवाल्याला सापडली पाहिजे ना!

त्या दिवशी ट्रकवाला नवा होता. मावशीच्या हातातली किटली बघून तो नळी टाकून धावतच आला.

"थांबा, थांबा... ओतू नका. रेग्युलेटरवर गरम पाणी म्हणजे आत्ता वितळेल आणि पाच मिनिटांत दुप्पट गोठेल. त्याला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यातून तो श्वास घेतो. तिथं बर्फ धरला की घरातली भट्टी बंद. मऊ झाडूनं झाडायचं फक्त. फावडं तर मुळीच लावायचं नाही."

मावशीनं सगळं शांतपणे ऐकलं. मान डोलावली. मग त्याच्यासमोरून चालत गेली आणि किटली कुत्र्याच्या गोठलेल्या वाडग्यात रिकामी केली.

"अजून काही?" तिनं विचारलं.

त्याचे कान थंडीनं आधीच लाल होते, त्यामुळे लाज नेमकी कुठं चढली ते सांगता येणार नाही. "झाडू... आहे ना तुमच्याकडे?"

"तुमच्या पाठीमागे. टाकीला टेकवलाय. सहा वाजता झाडून झाली टाकी. माझा जन्म इथलाच आहे म्हटलं."

तो हसला. आणि माझी मावशी — जी पोस्टाच्या खिडकीत बसून साऱ्या गावाला धाकात ठेवते — तिनं केस टोपीत खोचले. टोपीबाहेर एकही केस आलेला नव्हता. मी खिडकीतून बघत होते ना.

त्याचं नाव आर्वो लाक्सो. पलीकडच्या बंदराचा, तेहतीस वर्षांचा, एकटा. मावशी पोस्टात असल्यामुळे ही माहिती जमवायला तिला सोमवारची सकाळ पुरली. आई दवाखान्यात नोकरीला, आठवडा आठवडा कामावरच असते, म्हणून घरात बहुतेक वेळ आम्ही दोघीच. त्यामुळे ही माहिती ऐकायलाही मीच. तीनदा.

पण गॅसवाल्याचं काम कसं असतं? तो येतो, टाकीशी दहा मिनिटं उभा राहतो, बाजूच्या दाराला चिठ्ठी अडकवतो आणि जातो. घरात पाऊल टाकत नाही. मग पाच-सहा आठवडे पत्ता नाही.

ते पाच-सहा आठवडे मावशी टाकीकडची वाट अशी साफ ठेवायची की तिथं लग्नाची वरात निघाली असती. रोज सकाळी झाडू घेऊन जायची, झाकणावरचा बर्फ हलक्या हातानं उडवायची, झाकण उघडून टाकी किती टक्के भरलीय तो काटा बघायची. आत येऊन म्हणायची, "बासष्ट." दुसऱ्या दिवशी, "एकसष्ट." आणि उसासा. गॅस संपत नाही म्हणून उसासे टाकणारी बाई आमच्या गावात दुसरी नसेल.

जानेवारीच्या अखेरीला तो आला, तेव्हा मावशी वाटेच्या कडेला उभी राहून नसलेलाच बर्फ उपसत होती.

"छान ठेवलीय वाट," आर्वो म्हणाला. "काही घरी मला कमरेएवढ्या बर्फातून नळी ओढावी लागते."

"त्यांना गॅस नको असेल."

"तुम्हाला हवा असतो?"

"थंडी आहे ना," मावशी म्हणाली. तिचं लक्ष फावड्याकडे होतं.

नळीतला गॅस घोंघावत होता. मग तो म्हणाला, "एक मार्चपासून या रस्त्यावरची फेरी दुसऱ्याकडे जाणार. मला सरोवराच्या त्या अंगाला टाकलंय."

"अच्छा."

"हो."

एवढंच. तो गेला. मावशी आत आली आणि मी न मागता तिनं मला दोन वेळा कोको करून दिला.

दुसऱ्या दिवशी काटा बघायला मी गेले. आमच्याकडे टाकी ऐंशीपर्यंत भरतात, त्याहून जास्त नाही. काटा पन्नासवर होता.

"मावशी, अर्धीच भरलीय."

"गेज जुनं झालंय," ती म्हणाली, आणि भट्टीचा आकडा अठरा अंशांवरून चोवीसवर नेऊन तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "कोंदट वाटतंय जरा."

त्या फेब्रुवारीत मी घरात अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून फिरले. ओव्हनही त्याच गॅसवरचा, म्हणून रोज वेलदोड्याचा पाव भाजला जायचा. आमचं घर, शेजारी, कुत्रा, सगळे पाव खाऊन कंटाळले. काटा मात्र सुरेख उतरत होता. तिसावर आला की फोन करायचा अशी पद्धत. मावशीनं तो इतक्या गोड आवाजात केला की मला वाटलं ती वाढदिवसाचं बोलावणं करतेय.

आणि त्याच संध्याकाळी वादळ आलं. तीन दिवस रस्ते बंद. वादळ सरलं तशी थंडी उणे पस्तीसपर्यंत उतरली. आता गंमत अशी, की इतक्या गारठ्यात प्रोपेनसुद्धा आळसावतो. टाकीत थोडाच उरला असेल तर त्याची वाफच होत नाही. चौथ्या दिवशी सकाळी सातला भट्टीनं एक उचकी दिली आणि ती विझली.

आठ वाजता पाण्याचा नळ कण्हायला लागला. पाइप फुटला असता तर घराचं तळंच झालं असतं. मावशीचा चेहरा बघवत नव्हता. आम्ही दोघींनी वाट उपसली, लाल फडक्यापर्यंत. नऊ वाजता बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या मागोमाग आर्वोचा ट्रक आला.

त्यानं टाकी ऐंशीपर्यंत भरली. आणि मग — नियमच आहे तसा — तो घरात आला. भट्टी विझली की आधी गळती तपासायची, मगच पेटवायची. त्यानं नळीला एक छोटं गेज लावलं. दहा मिनिटं काटा हलता कामा नये.

स्वयंपाकघरात आमच्या तोंडांतून वाफा निघत होत्या. मी हातमोजे घालून बीजगणित करत होते, म्हणजे करत नव्हते. ती दोघं गेजसमोर उभी.

"चूक माझी आहे," आर्वो काट्याकडे बघत म्हणाला. "जानेवारीत मी मुद्दाम अर्धीच भरली."

"का?"

"पूर्ण भरली असती तर मार्च उजाडला असता. म्हटलं... अजून एकदा यायला मिळेल." त्यानं टोपी काढली. "असलं मी कधी केलेलं नाही. घर गोठलं असतं. मला माफ करू नका."

मावशीनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "मी खिडक्या उघड्या टाकून भट्टी चोवीसवर ठेवत होते."

"चोवीसवर?"

"आणि रोज पाव भाजत होते. अजून अकरा आहेत. हवाय?"

तो हसायला लागला, पण हसू अर्ध्यावरच अडलं. "म्हणजे आपण दोघांनी मिळून..."

"हो."

"या पोरीला गोठवलं असतं."

"पोर अकरावीत आहे," मी म्हणाले, "आणि तिला ऐकू येतं."

दोघांनी पुन्हा काट्याकडे बघितलं. काटा ढिम्म. मावशीनं हातमोजा काढून ओट्यावर ठेवला. त्यानंही ठेवला. दोन हातमोज्यांत बोटभर अंतर.

"हलला का?"

"नाही."

"मग अजून काय बघताय?"

"दहा मिनिटं व्हायचीत ना."

भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे सतरा मिनिटं झाली होती. मी बोलले नाही. मलाही थोडं कळतं.

शेवटी भट्टी फुस्सकन पेटली. तो दाराशी गेला, थांबला. "आता ऐंशीवर आहे. एप्रिलपर्यंत कुणाला यायची गरज नाही."

"नाही," मावशी म्हणाली.

"बरं."

ट्रक वळणावर दिसेनासा झाला तरी ती दारातच उभी. आतली सगळी ऊब बाहेर चालली होती, आणि या वेळी ती मुद्दाम घालवत नव्हती.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी फावड्याच्या आवाजानं मला जाग आली. मावशी बर्फ उपसत होती, पण टाकीकडचा नव्हे. पुढच्या दाराचा. आमच्याकडे पुढचं दार हिवाळाभर कुणी उघडत नाही, मे महिन्यापर्यंत ते बर्फाचंच असतं. दोन तासांत तिनं रस्त्यापासून पायरीपर्यंत सरळ वाट काढली. मग टाकीजवळची लाल फडक्याची काठी उपटून आणली आणि पायरीशेजारी रोवली.

"अगं, आता टाकी सापडायची नाही," मी म्हणाले.

"टाकीला कोण शोधतंय?"

"आणि आलाच नाही तर?"

तिनं फडक्यावरचा बर्फ झटकला. "तर मी पुढचं दार वापरीन. माझं घर आहे."

अकरा वाजले. बारा. मावशीनं कॉफी तिसऱ्यांदा गरम केली. साडेबाराला एक जुनी निळी गाडी रस्त्यावर हळू झाली. सवयीनं टाकीच्या बाजूला वळायला लागली, मध्येच थांबली... मागं आली... आणि लाल फडक्यासमोर उभी राहिली.

आर्वो उतरला. हातात कोरा करकरीत मऊ झाडू, दांड्याला फीत बांधलेली. नव्या वाटेवरून तो असा चालत आला, जणू पाय लागून ती मळेल.

"काही काम नाही," पायरीशी पोचल्यावर तो बंद दारापलीकडूनच म्हणाला. "नुसताच आलोय."

मावशीनं दार ओढलं. ते गोठून बसलं होतं. आतून तिनं ओढलं, बाहेरून त्यानं ढकललं, आणि दार उघडलं.