चौकटीतले चर्मपत्र

ज्या वस्तूचे धनी नाहीसे झाले, ती वस्तू सापडणाऱ्याची होते काय, हा प्रश्न अवघड आहे. त्याहून अवघड प्रश्न असा, की शुद्ध हेतूने केलेल्या कृत्याचा भार एखाद्या निरपराध माणसावर पडला, तर तो हेतू शुद्ध राहतो काय? क्राकूव नगरीतील काझिमिएझ या जुन्या ज्यू वस्तीत एका शुक्रवारी दुपारी हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे ठाकले, आणि त्यांच्या कात्रीत एक स्वयंपाकीण सापडली.

लेओकादिया म्रोझ तीनच्या सुमारास बोझेनाबाईंच्या खानावळीत पोहोचल्या. त्या खाजगी तपास करीत. ट्राम चालवून निवृत्त झालेले त्यांचे दीर झेनोन सोबत असत, आणि चुकीचे तर्क मोठ्या निष्ठेने लढवीत.

“पाच वाजता पोलीस येतील,” मालकीणबाई म्हणाल्या. “त्याआधी आमच्या स्वयंपाकिणीनं, युस्तिनानं, कबूल केलं, तर तक्रार करणार नाही. पण उद्यापासून तिनं इथं पाऊल टाकायचं नाही.”

दारूच्या बाटल्यांच्या फळीच्या वर, भिंतीला एक चौकट सरळ टांगलेली होती. तिची काच जागच्या जागी होती. मात्र आतील चर्मपत्र, ज्यूंच्या पवित्र ग्रंथाच्या गुंडाळीचा एक हस्तलिखित तुकडा, नाहीसे झाले होते. दुपारी दोन वाजता बाजारातून परतल्यावर बोझेनाबाईंच्या ते ध्यानात आले.

त्यांनी फोनमधले छायाचित्र दाखवले. “माझ्या आजोबांनी महायुद्धात ही ज्यू वस्ती रिकामी झाली तेव्हापासून जपलेलं हो. जोडे शिवायचे ते. गरीब माणूस, पण फेकलं नाही.”

“खालची कड अशी का?” लेओकादियाबाईंनी विचारले.

“उंदीर. माळ्यावर होतं ना.”

झेनोन वाकून पाहू लागले. कड एका बाजूने गोलसर गेली होती, सुबक, एकसारखी.

“आणि युस्तिनावर संशय कशावरून?”

“स्वयंपाकघरातली मातीची नवी बरणीही गेलीय. त्या बरणीत घालून मागच्या दारानं नेलं तिनं. माझा इस्त्रीचा एक रुमालसुद्धा गेला. सकाळी मी स्वतः मेजांवर मांडले होते!”

युस्तिना ओट्याशी पीठ मळत होती. डोळे सुजलेले, पण जीभ शाबूत.

“बरणी गेली हे आधी मीच ओरडून सांगितलं! चोर असा बोंबलत फिरतो होय?”

“कुठं होती ती?”

“त्या सगळ्यात वरच्या फळीवर. काकड्या आंबवायला परवाच आणली, अजून पाणीसुद्धा लागलं नव्हतं तिला. खाली हाताशी तीन जुन्या बरण्या रिकाम्या पडल्यात, झाकणांसकट. त्या सोडून चोर स्टुलावर चढला. नवाबच म्हणायचा!”

“तुम्ही इथून कधी हललात?”

“साडेबाराला, तळघरात बटाटे आणायला. पाहुणीबाईंची शिकवणी संपली होती. इस्राएलातल्या हायफाहून आल्यात, आईच्या गावचं जेवण शिकायला. पिरोगीच्या करंज्या काय सुरेख वळल्या! पण एकही चाखली नाही. माझ्या हाताला विष लागलंय जणू.” तिचा आवाज एकाएकी खाली आला. “अकरा वर्षं झाली मला इथं, बाई. चोर म्हणून हाकललं तर या गल्लीत कोण उभं करील मला?”

बाहेरच्या दालनात खिडकीपाशी वस्तीतले वृद्ध ज्यू गृहस्थ, काट्झ आजोबा, पेल्यातून बिनदुधाचा चहा पीत बसले होते. या खानावळीत ते चहापलीकडे काही घेत नसत.

“मी चोरायचं असतं, तर ती चौकट टांगली त्याच दिवशी चोरलं असतं,” ते म्हणाले. “खाली दारू, समोर ताटात डुक्कर, आणि वर देवाची अक्षरं! फाटलं की ते पान मेलं. मेलेल्याला माती द्यायची असते, खिळा नव्हे. बोझेनाला शंभरदा सांगितलं. पाहुण्यांनाही सांगतो. सगळे माना डोलावतात आणि फोटो काढतात.”

“आज कुठं होता, आजोबा?”

“सकाळी समोरच्या कबरस्तानाच्या फाटकाबाहेर. बायकोचा स्मृतिदिन. आम्हा याजककुळातल्यांना मृतांचा विटाळ चालत नाही, आत पाय ठेवता येत नाही. चौदा वर्षं झाली, तिची कबर मी पाहिलेली नाही.”

इतक्यात दार उघडून साठीच्या एक बाई आत आल्या. हातांवरून पाणी ठिबकत होते. बाहेर आभाळ कोरडे ठणठणीत होते.

“ह्या आमच्या पाहुण्या, रिव्हकाबाई,” बोझेनाबाईंनी टॉवेल पुढे केला. “हात पुसा.”

“राहू द्या, वाळतील.” बाईंचे पोलिश जुन्या वळणाचे होते. “हॉटेलात सामान बांधत होते. गोड कार्प माशाची कृती लिहून घ्यायची राहिली, म्हणून आले.”

पण आतले चेहरे पाहून त्या दाराशीच थबकल्या. युस्तिनाने काय घडले ते दोन वाक्यांत सांगितले. रिव्हकाबाई दाराजवळच्या खुर्चीवर टेकल्या.

झेनोन भावजयीच्या कानाशी लागले. “वहिनी, म्हातारा! पुरलंय त्यानं. स्वतःच म्हणाला, माती द्यायची असते.”

“पुरलंय, हे बरोबर. आज प्रथमच तुम्ही निम्मे बरोबर आहात, भावजी.”

साडेचार वाजले. युस्तिनाने ॲप्रन सोडून घडी घातली. तेव्हा लेओकादियाबाईंनी सर्वांना बसायला सांगितले.

“विकण्यासाठी चोरणारा रिकामी चौकट पुन्हा नीट टांगत बसत नाही. हा चोर आदराने वागला. रुमाल का गेला? कारण त्या चर्मपत्राला उघड्या हाताने शिवायचे नसते. बरणी का गेली? कारण असे पान मातीच्या भांड्यात ठेवून पुरतात. आणि हाताशी असलेल्या तीन बरण्या सोडून स्टुलावर का चढला? जुन्या बरण्यांत या घरातले अन्न मुरलेले होते. अन्नाचा स्पर्शही न झालेले असे भांडे इथे एकच होते. हे सारे पाळणाऱ्याला या स्वयंपाकघरातला घास चालत नाही.”

“म्हणजे काट्झ!” झेनोन पुटपुटले.

“आजोबांना ही बरणी कुठे आहे हे माहीत नव्हते. आणि असे पान पुरतात कबरस्तानात, जिथे ते पत्नीसाठीसुद्धा पाऊल टाकत नाहीत. मग आज स्वयंपाकघरात येऊन गेलेले, पिरोगी वळून न चाखणारे कोण? कबरस्तानातून निघताना फाटकाजवळच्या नळावर हात धुतात, आणि ते पुसायचे नसतात. रिव्हकाबाई, हॉटेलात सामान बांधताना हात इतके ओले होत नाहीत.”



“मी सांगणारच होते,” रिव्हकाबाई म्हणाल्या. “पण सांगितलं, तर तुम्ही ते उकरून पुन्हा भिंतीवर टांगाल. या मुलीवर आळ आलाय हे दारातच कळलं. आणि तरी मी गप्प राहिले.”

“अहो बाई,” युस्तिना म्हणाली, “नुसतं मागितलं असतंत, तर बरणी मीच काढून दिली असती!”

“पण ते माझ्या आजोबांचं होतं!” बोझेनाबाई उसळल्या.

लेओकादियाबाईंनी छायाचित्र त्यांच्यासमोर धरले. “उंदीर इतके सुबक कुरतडत नाहीत. हा पात्याचा काप आहे, बोझेनाबाई. पायाच्या मापाचा. या कातड्यातून जोड्याचा आतला तळ कापून काढला आहे.”

बोझेनाबाई त्या गोलाईकडे पाहत राहिल्या. त्यांनी एकवार तिच्यावरून बोट फिरवले आणि हात मागे घेतला.

“मला ठाऊक नव्हतं,” त्या म्हणाल्या. मग फार हळू, “विचारलंच नाही कधी.”

त्या उठल्या. पोलिसांना फोन करून येऊ नका म्हणाल्या. नंतर युस्तिनासमोर उभ्या राहिल्या. “ते जिथं आहे तिथंच राहू दे. आणि तू... माझं चुकलं गं.”

“चुकलं खरं,” युस्तिना म्हणाली. “सोमवारी येईन. तेव्हा बोलू. आज नाही बोलवत मला.”

रिव्हकाबाई तिच्यापुढे आल्या आणि नुसत्याच मान खाली घालून उभ्या राहिल्या. युस्तिनाने क्षणभर वाट पाहिली, मग कोट चढवून ती मागच्या दाराने निघून गेली.

झेनोननी ओट्यावरचे मळलेले पीठ झाकून ठेवले. 

जे मातीच्या कुशीत गेले, त्याला तेथे विश्रांती लाभो. ज्या मुलीने दुसऱ्यांच्या श्रद्धेचे आणि दुसऱ्यांच्या पापाचे ओझे एक दुपारभर वाहिले, तिची चूल नित्य पेटती राहो. आणि सोमवारी तिच्या डोळ्यांत पाहण्याचे धैर्य, ज्यांना ते हवे आहे त्या सर्वांना मिळो.