अळणी कढण

पालेर्मोचे वृद्ध धर्मगुरू रायनाल्दो दुपारी मसुराचं कढण प्याले आणि जेवण आटोपायच्या आत गतप्राण झाले. त्यांचा कारभारी ग्वाल्तिएरो याने थेट स्वयंपाक्याकडे बोट दाखवलं. स्वयंपाकी मार्तिनो बाप्तिस्मा घेतलेला मुसलमान. गावाला तेवढं पुरे होतं.

थिओक्तिस्ता ही ग्रीक विधवा असल्या भानगडींचा छडा लावून देत असे. तिचा नॉर्मन दीर आन्सो न्यायाधीशांचा शिपाई होता. त्याला यात शोधण्यासारखं काहीच दिसेना.

"वहिनी, कढण त्यानेच केलं ना?"

"भाऊजी, तेच कढण अख्खं घर प्यालं. बाकीचे ठणठणीत कसे?"

तिने आधी कारभाऱ्याला गाठलं. त्याने शपथेवर सांगितलं, की मार्तिनोने कढण चाखलं, मीठ बरोबर आहे म्हणाला आणि मग धर्मगुरूंच्या वाडग्यात पुडी सोडली.

मोलकरीण झोई रडत होती. तिच्या सांगण्याप्रमाणे या आठवड्यात रोजचंच होतं, जेवण कधी खारट, कधी अळणी. आजचं कढण तर सपक पाणी. धर्मगुरूंनी मीठ मागितलं, ते कारभाऱ्याने कमरेच्या डबीतून दिलं. कारभाऱ्याला उद्या कामावरून काढणार होते, हेही तिने सांगून टाकलं.

मग ती मार्तिनोकडे गेली. त्याचे ओठ सुकून फुटले होते, तरी थिओक्तिस्ताने पुढे केलेलं पाणी त्याने घेतलं नाही.

दिवस कलायच्या आत ती सगळ्यांना घेऊन न्यायाधीशांसमोर उभी राहिली. तिने पाव मागवला.

"कारभारी, तुमच्या डबीतलं मीठ यावर घाला आणि खा."

ग्वाल्तिएरोने पाव मागे सारला.

"विष मिठात होतं," ती म्हणाली. "अळणी लागलं की धनी मीठ मागतात, हे याने हेरलं होतं. पण खोटं बोलताना फसला. मीठ बरोबर आहे असं स्वयंपाक्याने चाखून सांगितलं असतं, तर कढण अळणी कसं निघालं?"

न्यायाधीशांनी भुवया उंचावल्या. "स्वयंपाकी असून हा चाखत का नव्हता?"

बाप्तिस्म्यानंतर जुन्या धर्माकडे मागे फिरलेल्याला पालेर्मोत जाळत.

"त्याची दाढ दुखते," थिओक्तिस्ता पटकन म्हणाली.

"दाढ दुखत नाही," मार्तिनो म्हणाला. "रमजान चालू आहे, मला रोजा आहे. आणि माझं नाव अम्मार. मार्तिनो तुम्ही ठेवलंत."

"धर त्याला," न्यायाधीशांनी आन्सोला फर्मावलं.

आन्सोने दोन्ही हातांनी कारभाऱ्याची मानगूट आवळली.

"याला धरलाय, महाराज. मला हात दोनच आहेत."

थिओक्तिस्ताने पुढे होऊन दार उघडलं. अम्मारने कमरेचं फडकं सोडून मेजावर ठेवलं आणि मागे वळून न बघता बंदराची वाट धरली.