स्वेनआजींच्या हंड्याचा बिघाड

स्वेनआजी आल्या त्या निकाल देऊनच.

"लामसाहेब, गुन्हेगार मला ठाऊक आहे," छत्री मिटायच्या आत त्यांनी सांगितले. "तुम्ही फक्त पुरावा आणा. माझी सून आहे."

"गेलं काय?" लामांनी विचारले.

"चव."

कोपऱ्यातले द्वान सावरून बसले. तोन थात लाम हे ह्वे शहरातील खासगी तपासनीस, आणि द्वान त्यांचे जुने स्नेही, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. तपासात त्यांचा उपयोग किती, हा वादाचा विषय होता. पण आन कुउ कालव्याकाठच्या स्वेनआजींच्या 'बुन बो'वरील त्यांची निष्ठा वादातीत होती. तांदळाच्या जाड शेवया, गवती चहाच्या वासाचा लालसर हाडांचा रस्सा, आणि जिभेवर मागे रेंगाळणारा आंबवलेला जवळा. त्या एका वाडग्यासाठी पलीकडच्या काठची माणसे स्वतःच्या दारातली दुकाने ओलांडून येत.

आज अमावास्या, म्हणून आजींना सवड होती. अमावास्या-पौर्णिमेला अर्ध्या शहराप्रमाणे त्याही मांसमासळीला शिवत नसत, आणि त्या दिवशी दुकान बंद ठेवीत.

त्यांनी सांगितलेली हकिकत थोडक्यात अशी. वसंतात त्यांचा मुलगा तिन्ह मोटारसायकलवरून पडला. पाय मोडला, तो अजून काठी टेकून चालतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत हंड्याला जणू दृष्ट लागली. गिऱ्हाईक अर्धा वाडगा टाकून उठू लागले. कधी रस्सा खारट म्हणत, कधी फिका. आणि गेल्या आठवड्यात आजींनी सून मिएन हिला पहाटे हंड्यापाशी पकडले. हातात जवळ्याने माखलेला चमचा. विचारले, तर तोंडातून शब्द नाही.

"ती चूल मला माझ्या सासूनं दिली," आजी म्हणाल्या. "पौर्णिमेपर्यंत खरं काय ते सांगा. मिएनचा हात असेल, तर तिला चुलीपाशी उभी करणार नाही. आणि माझ्यामागं सांभाळणारं कोणी नसलं, तर चूल माझ्याच हातानं विझवीन. बिघडलेलं नाव मी पुढं देणार नाही."

तीन दिवसांनी सकाळी दोघे कालव्याकाठी पोचले. आजी हंड्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी पळी उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले आणि पळी पुन्हा रश्शात सोडली. एखाद्या राजवैद्याने नाडी पाहावी तसे ते दृश्य होते. द्वान भारावून गेले.

वाडगा आला. द्वानांनी पहिला घोट घेतला आणि लगेच दुसरा. रस्सा निर्दोष होता. सोबतच्या बशीत निवडलेला पाला, केळफुलाचे बारीक काप आणि लिंबाच्या नाजूक फोडी होत्या.

"यात बिघडलंय काय?" त्यांनी अखेर विचारले.

"आज काही नाही," शेजारच्या स्टुलावरून उआन मास्तर म्हणाले. हे निवृत्त शिक्षक रोजचे गिऱ्हाईक होते आणि रोजचे टीकाकारही. "वाईट दिवशी या म्हणजे कळेल. परवाचंच घ्या. वास तोच, रंग तोच. हुंगलं तर स्वर्ग, आणि जिभेवर ठेवलं तर कालव्याचं पाणी. त्याआधी एकदा मिठागरच होतं. अशा दिवशी सगळंच घसरतं बघा. वाडगा उशिरा येतो, पाल्यात देठं, लिंबाच्या फोडी कुऱ्हाडीनं केल्यासारख्या."

"आजी काही बोलतात?"

"पूर्वी वाडगा ठेवताना ठणकावून सांगायच्या, 'मी चाखलं नाही, ते तुमच्या वाडग्यात नाही.' हल्ली तेही नाही. वाडगा ठेवतात नि वळतात. वय झालं."

समोरच्या दुकानाचे मालक वोंग यांच्यावर द्वानांचा पहिल्यापासून संशय होता, कारण रुसलेले गिऱ्हाईक त्यांच्याकडेच वळत होते. दोघे त्यांच्या दारात गेले, तेव्हा वोंग कमरेवर हात ठेवून ताठ उभे राहिले.

"म्हातारीला हरवायचंय मला, खोटं कशाला बोलू? पण तिच्या चांगल्या दिवशी. तोंड पाडून आलेलं गिऱ्हाईक माझ्या रश्शाची तारीफ करतं, तेव्हा ती तारीफ मला गोड लागत नाही."

मिएनने मात्र फारसे सांगितले नाही. पाला निवडणे आणि लिंबू कापणे हे काम तिचेच. काही दिवशी ती नवऱ्याला व्यायामासाठी इस्पितळात नेते. त्या दिवशी पहाटे, हंडा पुरता शिजण्याआधीच, घरातून निघावे लागते. मग सगळे आजी एकट्या पाहतात. चमच्याविषयी विचारताच तिने मान खाली घातली.

"आईंना काय वाटायचं ते वाटू द्या," एवढेच ती म्हणाली.

हंडा संपला. आजी आपले ताट घेऊन एकट्याच मागच्या ओसरीवर जेवायला बसल्या. जाता जाता द्वानांना दिसले: भात, तीळकूट, उकडलेली पालेभाजी आणि सोया सॉसची काठोकाठ भरलेली वाटी.

"केवढी साधी राहणी," रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले. "आणि घरात असली सून. खारट-फिकं करायला इस्पितळाला निघताना हंड्यापाशी एक क्षण पुरतो."

"खारट करायला पुरतो," लाम म्हणाले. "फिकं करायला किती पुरतो, याचा विचार करा."

द्वानांनी पूल ओलांडेपर्यंत विचार केला आणि नंतर सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी लामांनी सर्वांना दुकान उघडण्याआधी बोलावले. आजी, मिएन, काठी टेकलेला तिन्ह, मास्तर, शिवाय समोरचे वोंग. हंडा उकळत होता.

"आजी, बोलण्याआधी एक पळी चाखा," लाम म्हणाले.

आजींनी पळी उचलली. ती नाकापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी ती सावकाश खाली ठेवली.

"माझं उत्तर मिळालं," लाम म्हणाले. "मास्तरांनी सांगितलं, रस्सा कधी खारट, कधी फिका. हंड्यात मीठ टाकता येतं, काढता येत नाही. पाणी ओतून फिका करावा, तर वास आणि रंगही विरळ व्हायला हवेत. ते दोन्ही शाबूत होते. म्हणजे हंडा कोणी बिघडवलाच नव्हता. मीठ अंदाजानं पडत होतं, आणि ते कोणी चाखून पाहत नव्हतं."

"माझ्या दुकानात?" आजींचा आवाज चढला.

"तुमच्याच. अमावास्या मागे पडली, तरी तुमच्या ताटात मांसमासळी नव्हती. फिश सॉसच्या जागी सोया सॉस होता. तुम्ही रस्सा हुंगता, चाखत नाही. आणि चाखत नाही म्हणून ते जुनं वाक्यही तुम्ही सोडलंत. तुम्ही गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही, आजी. तिथंच मला कळलं."

आजी ताठ उभ्या होत्या. "नवस सांगायचा नसतो. तिन्ह काठीविना चालेपर्यंत मांस जिभेला लावणार नाही, असं क्वान आम देवीपुढं बोलले मी. वाटलं, एवढ्या वर्षांचं नाक आहे, निभेल."

"नाकाला वास कळतो. मीठ कळत नाही."

"मग चांगले दिवस कसे चांगले निघाले?" द्वानांनी विचारले. त्या दिवसातला हा त्यांचा एकमेव उपयुक्त प्रश्न होता.

"आपण सगळे वाईट दिवस कोण बिघडवतं ते शोधत होतो. शोधायला हवं होतं ते, चांगले दिवस कोण सावरतं. फिक्या वाडग्यासोबत फोडी जाड आणि पाल्यात देठं. म्हणजे त्या दिवशी मिएन इस्पितळात. ती असते तेव्हा फोडी नाजूक आणि रस्साही नेमका. आजींची पाठ वळली की ती चाखते आणि उणं असेल ते घालते. तुम्ही तिला पकडलंत, तेव्हा ती तुमचं नाव राखत होती."

आजींनी सुनेकडे पाहिले. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू, आई?" मिएन म्हणाली. "तुमचा रस्सा फिका आहे, असं या घरात कुणी कधी म्हटलंय? पहिल्यांदा मी म्हणायचं होतं?"

"आणि नवसाचं? तुला ठाऊक होतं?"

"सोया सॉसची वाटी रोज कोण भरतंय, असं वाटलं तुम्हाला?"

तिन्हने आईला काही म्हणायला तोंड उघडले. आजींनी हातानेच त्याला गप्प केले. रस्सा खदखदत होता. त्यांनी पळी उचलली, आपल्या साध्या सदऱ्याला तिचा दांडा पुसला आणि ती सुनेपुढे धरली.

"चाख. सगळ्यांदेखत."

मिएनने चाखले. क्षणभर थांबली, जवळ्याचा अर्धा चमचा घातला, ढवळले, पुन्हा चाखले आणि होकारार्थी मान हलवली.

दुकान उघडले. पहिला वाडगा मास्तरांपुढे ठेवताना आजींचा आवाज कालव्यापलीकडे जाईल असा होता:

"आज माझ्या सुनेनं चाखलंय. तिनं चाखलं नाही, ते तुमच्या वाडग्यात नाही. नावं ठेवायची असतील, तर आधी वाडगा रिकामा करा."

मास्तरांनी वाडगा तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली आणला नाही. मग वळून पाहिले, तर वोंग अजून दारातच होते, हातात त्याच हंड्यातला वाडगा.

"झालं," वोंग समाधानाने म्हणाले. "उद्यापासून मला लवकर उठावं लागणार."