डमीचा आवाज

दारात उभ्या असलेल्या अश्विनला पाहताच जयवंताने मांडीवरचा कागद झटकन शिलाई मशीनच्या खणात कोंबला, त्यावर पिकोला आलेली निळी साडी टाकली आणि पदराने गळा झाकून घेतला... चार वर्षांनी तिचा भाऊ नंदनवन वस्तीतल्या या दोन खोल्यांची पायरी चढत होता, आणि नेमका आजच! आजच सकाळी डॉक्टरांनी तिच्या गळ्यातली गाठ तपासून स्पष्ट सांगितलं होतं, की ऑपरेशन लवकर उरकून घ्या. गाठ आवाजाच्या नसेकडे सरकते आहे, जितका उशीर कराल तितका आवाजाला धोका.

"ये नं आशू... बस. चहा ठेवू?"

"चहा प्याले नाही आलो मी," अश्विन उभ्याउभ्याच म्हणाला. "बाबाच्या चाली पाहिजेत मले. दहाच्या दहा."

बाबा म्हणजे लहानू. सावनेरकडच्या कोळशाच्या खदानीत आयुष्य काढलेला, आणि कामावरून सुटला की पेटी घेऊन कव्वालीच्या पार्टीत बसणारा अवलिया. गाण्यांचे शब्द त्याने वहीत उतरवले होते, पण चाली कुठे लिहायच्या असतात हे त्या भाबड्या माणसाच्या गावीही नव्हतं. त्या चाली होत्या फक्त जयवंताच्या गळ्यात. बाराव्या वर्षापासून ती बापाच्या शेजारी बसून गायली होती, आणि सतराव्या वर्षी, अश्विनला जन्म देऊन आई गेली तेव्हापासून तिने त्याच चालींवर या भावाला मांडीवर झोपवलं होतं.

आता अश्विन सव्वीस वर्षांचा झाला होता. त्याच्या बँडचं नाव 'खदान'. विक्की गिटारवर, दीक्षा ढोलकीवर, गायला हा. पाठीशी कुठली कंपनी नाही की कुणी धनाढ्य नाही; जयंतीला वस्तीतून वर्गणी गोळा व्हावी तशी ऐकणाऱ्यांनीच वर्गणी करून यांना अल्बम काढायला लावला होता. प्रत्येकाचं नाव कव्हरवर छापायचं आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अल्बम त्यांच्या हातात द्यायचा, असा शब्द गेला होता. जून उजाडला होता.

"तू फक्त डमी गाजो," अश्विन म्हणाला. "म्हणजे आधी तुह्या आवाजात चाल भरून घेऊ. ती कानात ऐकत ऐकत मी गाईन. माहा पक्का आवाज आला का तुही डमी पुसून टाकतेत. तुले काही त्रास नाही."

पुसून टाकतेत! किती सहज बोलला तो... आणि तिला राग यायला हवा होता, पण मायेला राग येतो कुठे? "येईन नं बाप्पा," ती म्हणाली, आणि खणातला कागद खणातच राहिला.

अश्विनच्या मनात तिच्याविषयी अढी होती, आणि ती आजकालची नव्हती. तो अकरा वर्षांचा असताना बाबा गेला, आणि तेराव्या दिवसाच्या आत जयवंताने बाबाची पेटी पार्टीतल्या एका माणसाला देऊन टाकली, स्वतःचं गाणं कायमचं बंद केलं. "मले गाणं आवडतच नाही," एवढंच तिने पोराला सांगितलं होतं. पोरगा पेटीमागे रडत रडत रस्त्यापर्यंत धावला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथे तर सुंभही जळला नव्हता.

स्टुडिओ इतवारीत, भांड्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. मालक आणि रेकॉर्डिंग करणारा एकच, चंद्रभान. पन्नाशीचा, शिस्तीचा, दिवसभर हातगाडीवाल्यांच्या नावाने खडे फोडणारा. खाली कुणी पितळेचा हंडा आपटला की वर त्याचं रेकॉर्डिंग थांबे. त्याचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता: पक्का आवाज पसंत झाला की डमी त्याच दिवशी पुसायची. पूर्वी एकदा कुणाच्या कॅसेटमध्ये गायकाऐवजी डमीच छापून गेली होती आणि चंद्रभानला महिनाभर तोंड लपवून फिरावं लागलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आठवड्याला एक गाणं, अशी जयवंता गायची. काचेपलीकडच्या त्या फोम लावलेल्या खोलीत उभी राहिली, की पंधरा वर्षं कोंडलेला सूर कसा उचंबळून यायचा! गाऊन झालं की ती बाहेर लाकडी बाकावर बसे आणि अश्विन आत जाई. त्याला हेडफोन एकाच कानाला लावायची खोड होती. दुसरा तुकडा गालापाशी, माइकच्या तोंडाशी लोंबत राही.

"अरे, दोन्ही कान झाक गा!" चंद्रभान ओरडे. "त्यातला आवाज बाहेर सांडून राहिला, माइकमध्ये जाईन!"

"एक कान पेटीले, एक कान आपल्या गळ्याले. आमच्या बाबानं असंच शिकवलं," अश्विन म्हणे, आणि बाकावर बसलेल्या जयवंताचे डोळे भरून येत. म्हणजे पोरगा बाबाला विसरला नव्हता... ते शिकवणाऱ्या बहिणीला तेवढा विसरला होता. कारण बाबा गाताना कानावर हात कसा ठेवायचा, हे त्याचा चिमुकला हात धरून तिनेच दाखवलं होतं.

ऑगस्ट लागला तसा तिचा श्वास अडखळू लागला. आठव्या गाण्याला वरचा सूर तीनदा फाटला.

"ताई, काय करून राहिली तू?" अश्विन काचेआडून चिडला. "लोकांनी विश्वासानं वर्गणी देली, टाइमपास नाही चालला इथं! बाबाची पेटी देऊन टाकली त्याच दिवशी तुहा सूर गेला."

दीक्षाने ढोलकीवरचा हात एकदम उचलला. "अश्विन, काही बोलतं काय बे?" पण जयवंता शांतपणे म्हणाली, "पुन्हा घ्या भाऊ, लागते आता." आणि चौथ्यांदा तिने तो सूर असा लावला, की चंद्रभानसारखा माणूसही मान खाली घालून बसून राहिला. त्या रात्री गिळताना तिला पाणीसुद्धा जात नव्हतं. शेजारच्या सिंधूताई रागावल्या, "अवं, दोन महिने झाले डॉक्टरनं सांगून! जीव द्यायचा हाय का?" "दोनच गाणे राहिले सिंधूताई," ती म्हणाली. "माह्यासंगं ह्या चाली गेल्या तर बाबा दुसऱ्यांदा मरन."

दहावं गाणं अंगाईचं होतं. ते गायला ती सप्टेंबरच्या एका दुपारी आली तेव्हा उद्याची दवाखान्यातली भरती ठरलेली होती, आणि हे तिच्याशिवाय फक्त सिंधूताईंना ठाऊक होतं. तिने डोळे मिटले.

नीज माह्या लेकरा, बाप खदानीत गेला...
काळ्या दगडाच्या पोटी उजेड आणाया गेला...

आयुष्यभराची माया, आयुष्यभराचं मौन, सारं त्या एका गाण्यात रितं झालं! मग अश्विन आत गेला, आणि काय झालं कुणास ठाऊक, सुरुवातीच्या दोन ओळी तो गाऊच शकला नाही. नुसता उभा राहिला, एक कान उघडा ठेवून. तिसऱ्या ओळीपासून त्याने सूर धरला. "पहिल्या दोन ओळी मागाहून भरू," तो तुटकपणे म्हणाला आणि बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून पाणी प्याला.

"मी सावनेरले मावशीकडे जातो थोडे दिवस," जयवंताने सांगितलं. त्याने नुसती मान हलवली. जिना उतरताना ती दोनदा थांबली, पण वरून कुणी हाक मारली नाही.

मधे एकवीस दिवस गेले. फोन करून करून अश्विन कातावला होता. अंगाईच्या दोन ओळी अजून भरायच्या होत्या, त्यातली एक गळ्याची हरकत तिने समोर गाऊन दाखवल्याशिवाय त्याला बसत नव्हती आणि ताई फोन उचलत नव्हती. शेवटी मावशीला फोन लावला तर ती म्हणाली, जयवंता इकडे आलीच नाही! तसा तो तणतणत नंदनवनात येऊन धडकला, आणि पाहतो तर ताई मशीनवर बसलेली, गळ्याला ओढणी गुंडाळलेली.

"खोटं काहून बोलली वं? सावनेरले गेली म्हणे! चार दिवस राहिले अल्बमले, अन् तू इथं साड्या शिवून राहिली? बोल नं! काहून बोलून नाही राहिली?"

जयवंताने ओठ उघडले. त्यातून नुसती हवा आली. तिने समोरच्या काळ्या अस्तराच्या तुकड्यावर शिंप्याच्या खडूने हळूहळू लिहिलं: 'आवाज गेला.'

तिने ओढणी सोडली. गळ्यावरची ती ताजी, आडवी, लालसर खूण पाहून अश्विन दोन पावलं मागे सरला.

दारातून सिंधूताईंचा बांध फुटला. "आता पाय! डोळे भरून पाय! गाठ होती तिच्या गळ्यात, कॅन्सरची. जूनमध्येच कापाले सांगितली होती. तुह्या गाण्यांसाठी थांबली ही! तोवर नस गेली गाठीच्या पोटात. जीव वाचला, आवाज नाही वाचला."

"मले... मले काहून नाही सांगितलं?"

"काय काय सांगन ते! पेटीचं सांगितलं काय तुले? पार्टीवाले आले होते तुले न्याले. लहानूचा पोरगा म्हणून गावोगाव गाववतो म्हणे, शाळा सोडून! 'पेटी न्या, पण पोराले हात लावू नका,' हिनं म्हटलं, मी उभी होतो तिथं. अन् घरात गाणं राहिलं तर पोरगा त्याच वाटेनं जाईन, म्हणून आपला गळा बंद केला. तू शिकला, नोकरीले लागला, मग आपल्या मर्जीनं गाले लागला नं? आम्हाले वाटलं, आता तरी कळन..."

अश्विन मशीनपाशी खाली बसला, मोठ्याने, लहानपणी पेटीमागे धावताना रडला होता तसाच, रडला. जयवंताने त्याच्या केसांतून हात फिरवला. तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता, आणि तिला वाटलं, बरंच आहे. बोलायला गेले असते तर मीही रडले असते.

तो एकाएकी उठला आणि इतवारीकडे धावला. डमी! दहा गाणी, दहा डम्या! पण चंद्रभानने नियम मोडला नव्हता. दहाच्या दहा पुसून टाकल्या होत्या; अंगाईच्या दोन ओळी बाकी होत्या तरी, उरलेलं गाणं पसंत झालं म्हणून तिचीही डमी त्याच दिवशी पुसली होती. आणि तसं करायला कुणी सांगितलं होतं? आपणच. "पुसून टाकतेत, तुले काही त्रास नाही"... स्वतःचंच वाक्य अश्विनला रात्रभर छळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि दीक्षा ऑटो घेऊन आले. "ताई, चाल," एवढंच म्हणाला. तीन मजले त्याने तिला धरून चढवलं. चंद्रभान दारातच हात जोडून उभा होता. रात्रभर जागल्याने डोळे सुजले होते.

"जयवंताताई, माह्या हातून घोडचूक झाली. माफ करा. पण तुमच्या भावाची ती खोड... आधी ऐका तुम्ही."

त्याने सगळी वाद्यं बंद केली. ढोलकी नाही, गिटार नाही. अंगाईतला एकट्या अश्विनचा माइक तेवढा सुरू केला, आवाज चढवला. आधी नुसती खरखर. मग दूरवरून, बारीक, पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा...

नीज माह्या लेकरा...

तिचाच आवाज होता! उघड्या कानाच्या त्या लोंबत्या हेडफोनमधून सांडलेला, माइकने निमूट टिपलेला. ज्या दोन ओळी अश्विन गाऊ शकला नव्हता, त्या दोन ओळींत ती एकटी होती. पुढे त्याचा आवाज आला, आणि तो श्वास घ्यायला थांबे तिथे तिथे मागून ती ऐकू येई. दहाही गाण्यांत ती अशीच होती.

जयवंता ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. हा आपला आवाज, आणि हा आता कुठेच नाही...

"हे साफ करता येते," चंद्रभान हळूच म्हणाला. "नेहमी करतोच."

"हात नाही लावायचा भाऊ," अश्विन म्हणाला. "पहिल्या दोन ओळी अशाच राहीन, जशाच्या तशा. अन् कव्हरवर गाणाऱ्याचं नाव आधी ताईचं." मग बहिणीपुढे गुडघे टेकून तो कसाबसा बोलला, "ताई, मले माफ कर म्हणायचं तोंड नाही माह्यापाशी."

जयवंताने पिशवीतून खडू काढला, मांडीवर काळं अस्तर पसरलं. काय लिहिते म्हणून तिघेही वाकून पाहू लागले. तिने लिहिलं: 'तिसऱ्या ओळीत श्वास चुकला. पुन्हा गा.'

दीक्षा रडता रडता हसली. अश्विनने डोळे पुसले, पण तो जागचा हलला नाही. "कसा गाऊ? डमी कोण देईन आता?"

जयवंता उठली. त्याच्या दंडाला धरून तिने त्याला आतल्या खोलीत उभं केलं, हेडफोन खुंटीला अडकवून ठेवला आणि त्याच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली. त्याचा उजवा हात उचलून तिने त्याच्या कानावर ठेवला, त्याच्या लहानपणी ठेवला होता तसा. मग बोटाने ताल धरला आणि ओठ हलवू लागली.

काचेपलीकडे चंद्रभानने बटण दाबलं. खाली कुणीतरी हंडा आपटला, पण आज तो ओरडला नाही. बहिणीच्या मुक्या ओठांकडे पाहत अश्विनने तिसरी ओळ धरली, आणि जिथे तिने श्वास घेतला, तिथेच त्याने घेतला.