हौदातून आलेली ओ

हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं नाही. पण जिच्या समोर घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. लुंबिनी. पदरचं एक अक्षर घालणारी ती नव्हे. हे सांगताना तिचे हात बर्फासारखे गार पडतात, ते मी स्वतः धरून पाहिलेत.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

गेल्या दिवाळीनंतरची टळटळीत दुपार. लातूरहून औशाकडे जाताना लागणारी एक सोयाबीन मिल. नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं काम करतात.

लुंबिनीचं काम जरा वेगळं. कारखान्यात कशानंतर काय होतं, ते ती कॉम्प्युटरवर आखते. चौकोनात काम लिहायचं, शंकरपाळ्याच्या आकारात प्रश्न, आणि मधे बाण. आराखडा पक्का झाला की तो यंत्रांना जोडतात. मग बटण दाबायला माणूस लागत नाही.

मिलचे मॅनेजर राजशेखर यांनी तिला सगळं समजावलं. गाडी येते, वजन होतं, माल जमिनीतल्या खोल हौदात ओततात. हौदाच्या तळाशी गिरमिटासारखा लांबलचक लोखंडी स्क्रू फिरतो आणि माल पुढं ढकलतो.

"स्क्रू सुरू करायच्या आधी काही बघता का?" तिनं विचारलं.

"एक जण वाकून आवाज देतो. कुणी हाय का म्हणून. जुनी खोड हाय मॅडम, काढून टाका ते. लई वेळ जातो."

तिनं काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या ऑफिसात तिनं आराखडा उघडला. 'गाडी रिकामी' आणि 'स्क्रू चालू' या दोन चौकोनांच्या मधे एक शंकरपाळं होतं…

आत लिहिलं होतं, 'कुणी हाय का?'

हे हरिओमचं काम, असं तिला वाटलं. तो तिचा ऑफिसातला जोडीदार, थट्टेखोर. तिनं फोन लावला.

"ताई, मी कालपासून नांदेडला हाव. लॅपटॉप उघडलाच न्हाई."

तिनं शंकरपाळं पुसलं. चहा घेऊन आली, तर…

ते परत तिथंच.

या वेळी पुसून ती नजर रोखून बसली. थोडा वेळ काहीच नाही. मग बाण हळूच बाजूला सरकला. बसमधल्या बाकड्यावर कुणी दुसऱ्याला जागा करून द्यावी तसा.

तिनं लॅपटॉप मिटला. सॉफ्टवेअरचा घोटाळा असेल, असं मनाला समजावलं. कुणाला बोलली नाही.

चाचणीच्या दिवशी निघताना तिनं स्वतःच्या हातानं ते परत पुसलं होतं.

मिलच्या काचेच्या केबिनमधे ती आणि राजशेखर. बाहेर ट्रॅक्टरांची रांग. पहिली फेरी रिकाम्या गाडीवर, माल न ओतता. स्क्रीनवर एकेक चौकोन हिरवा होऊ लागला. गाडी आली. वजन झालं. गाडी रिकामी.

आणि थांबलं.

शंकरपाळ्यावर.

खाली एक शब्द उमटला… 'हाय'.

लुंबिनीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"काय नखरे हायती!" राजशेखर वैतागले. "हातानंच चालू करतो." त्यांचा हात बटणाकडे गेला.

तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं. "थांबा साहेब! हात लावू नका!"

ती पळत हौदापाशी गेली. वाकली. अंधार आणि भुसकट.

"कुणी आहे का?"

"हाव! झाडायलेय!"

झाडणारी महानंदा. केरसुणी घेऊन थेट स्क्रूवर उभी.

मागून राजशेखर धावत आले. "तुला आत कुणी उतरवलं?"

"आज माल पडायचा न्हाई म्हणले, म्हून उतरले साहेब."

तिला शिडीनं वर घेतलं. पाणी प्यायल्यावर ती लुंबिनीला म्हणाली, "ताई, दोनदा कामून इचारलं?"

"मी एकदाच विचारलं."

महानंदाच्या हातातला तांब्या थांबला.

"मग पैल्यांदा कोण होतं? मी तोंड उघडायच्या आधीच… माझ्या मागून कुणीतरी ओ दिली. मला वाटलं, वरचाच आवाज घुमला."

राजशेखरांनी बॅटरी घेऊन हौदाचा कोपरा न् कोपरा पाहिला. रिकामा. सगळे केबिनमधे आले.

स्क्रीनवर अजून तेच. 'हाय'.

"साहेब, इथं आधी काही झालंय का?" लुंबिनीनं विचारलं.

"जुन्या मालकाच्या वेळचं मला काय म्हाईत न्हाई." ते तिच्याकडे न बघता बोलले.

बाहेर ट्रॅक्टरवाले ओरडायला लागले. मालकाचा फोन आला. राजशेखर दोन वेळा "हो साहेब" म्हणाले आणि फोन ठेवला.

"हौद रिकामा हाय. मी डोळ्यांनी बघितलाय."

त्यांनी बटण दाबलं.

स्क्रू फिरला. खडखड… खडखड…

मग आवाज बदलला. लोखंडात काहीतरी ओलं, मऊ अडकावं तसा. रांगेतले ट्रॅक्टरवाले माना वळवून बघायला लागले. महानंदानं कान झाकून घेतले.

पुन्हा खडखड. मोकळी.

स्क्रीनवरचा शब्द आपोआप पुसला गेला. त्याच्या जागी दुसरा आला…

'न्हाई'.

नंतर स्क्रू उघडून पाहिला. कोरडं भुसकट, दुसरं काही नाही.

महानंदा त्या मिलमधे परत गेली नाही. लुंबिनीनंही ते काम सोडलं. आता ती नांदेडला दवाखान्यांचे आराखडे करते. परवा जेवता जेवता तिचा घास हातातच राहिला.

"दादा, आत कुणीच नव्हतं ना? पण ओ तर दिली होती. दुसऱ्यांदा मी साहेबांचा हात का नाही धरला?"

मी पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं घेतला नाही.