सतरा नंबरची अट

"सांगतो, पण तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा न्हाई," म्हणत महादेवप्पांनी बशीतला चहा सुर्रकन ओढला.

जाहिदाच्या हॉटेलातली मंडळी हसली. लातुरात पस्तीस वर्षं पाण्याच्या चाव्या फिरवलेल्या या म्हाताऱ्याच्या गोष्टीत पाण्यापेक्षा वाफच जास्त, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या बाकावर पदर पुढे ओढून बसलेली बाई तेवढी हसली नाही. जाहिदानं तिला चहाचंही विचारलं नव्हतं.

महादेवप्पांच्या पुतण्यानं, वीरेशनं, कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते ठरवणारा प्रोग्राम लिहिला होता. दोनशे ओळींचा. कोणीही फुकट न्यावा, कोणीही भर घालावी, म्हणून नेटवर उघडा ठेवलेला. कंधारवाल्यांनी त्यात सणांची अट घातली, नायगावकरांनी बाजाराच्या दिवसाची. संगमेश्वर नावाच्या एकाच्या लेकीच्या लग्नाला कुणीतरी त्याच्या गल्लीला तासभर पाणी वाढवून दिलं. लेकीची लेक शाळेत जायला लागली, तरी तो तास तसाच. घालायला दहा जण, काढायला कोणी धजेना. एक ओळ हलवली की तिसऱ्याच गल्लीचा नळ कोरडा. नऊ वर्षांत दोनशेच्या चाळीस हजार ओळी झाल्या आणि या उन्हाळ्यात अर्ध्या गावाची पाळीच लागेना.

"लोक हंडे मांडून बसून राहिले," महादेवप्पा म्हणाले. "पोरगं रडकुंडीला आलं. म्हणलं, आता छाटणी कर."

वीरेश एकेक अट वाचून दाखवायचा, आप्पा 'ठेव' नाहीतर 'काढ' म्हणायचे. तिसऱ्या दुपारी एक ओळ आली: सतरा नंबरला दहा मिनिटं जास्त.

प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचं नाव असतं. हिला नव्हतं. तारीख होती, ती प्रोग्राम जन्माला येण्याच्या आदल्या वर्षाची.

सतरा नंबरचं घर म्हणजे शरणम्माचं. एकटी म्हातारी. हंडा उचलवत नव्हता, म्हणून तांब्या तांब्यानं पाणी न्यायची. तिच्यासाठी आप्पा चावी दहा मिनिटं उशिरा बंद करायचे. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

दुष्काळाच्या साली शरणम्मा गेली. घर पडलं. आता तिथं बोरीचं झाड आणि एक वाकडा नळ.

"काढू का?" वीरेशनं विचारलं होतं.



"मग?" जाहिदा म्हणाली.

महादेवप्पांनी बशी खाली ठेवली. गोष्टीला शेवट लागतोच.

"मग काय. काढ म्हणलो. काढली. गाव सुरळीत झालं."

मागच्या बाकाखाली फरशी ओली झाली होती.

"खोटं हाय ते, आप्पा," बाई हळूच म्हणाली. "काढली असती, तर आज सकाळी माझा तांब्या कशानं भरला?"